जुना सायनस आणि डोकेदुखी: आधी काय, मग काय

तासगावात आमचं औषधाचं दुकान आहे. थंडी पडायला लागली की दिवसाकाठी चार-पाच जण तरी काउंटरवर हात टेकून एकच वाक्य बोलतात, "दादा, सायनसची गोळी द्या." कुठं दुखतंय म्हटलं की कपाळावरून आडवं बोट फिरतं. कधीपासून म्हटलं की, "तसं दोन-तीन वर्षं हायच की."

खरं तर सायनस सगळ्यांनाच असतो. कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात: कपाळात, दोन्ही गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्यामागे खोलवर. त्यांची बारीक तोंडं नाकात उघडतात. अस्तर सुजून ती तोंडं बुजली की आतला चिकट स्राव साचतो, आणि मग त्रास सुरू होतो. या आजाराचं नाव सायनुसायटिस. बोलताना सगळे सायनसच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

औषधांची नावं बहुतेकांना पाठ असतात. चुकतो तो क्रम. आधी अँटिबायोटिक, मग वाफ, मग नाक मोकळं करणारे थेंब, मग स्वतःच्या मनाने सीटी स्कॅन, आणि नाक धुणं सगळ्यात शेवटी, तेही नळाच्या पाण्याने. खाली क्रम सरळ लावून दिला आहे. हा मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

## आधी हे बघा: यातलं काही असेल तर आजच दवाखाना

- डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, नजर कमी होणं
- तापासोबत मान ताठ होणं, बरळणं, गुंगी
- आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, क्षणात सुरू झालेली भयंकर डोकेदुखी
- मधुमेह असताना गाल बधिर होणं, वरचे दात हलायला लागणं, नाकात किंवा टाळूवर काळी खपली
- वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा खारट थेंब टपकणं, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर
- एकाच बाजूने पुन्हा पुन्हा रक्त येणं

चौथा मुद्दा म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीचा. २०२१ मध्ये कोरोनानंतर त्याने किती जणांचे डोळे गेले हे आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. साखर वाढलेल्या माणसाने 'सायनसच असेल' म्हणत दोन दिवसही काढू नयेत.

## टप्पा १: दुखणं सायनसचंच आहे का?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्मे लोक इथेच चुकीच्या रस्त्याला लागतात.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. दुधाचा खाडा लिहितो ना, त्याच चौकोनात चार आठवडे रोज रात्री खुणा करा:

- चों: नाक चोंदलं
- घ: घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड आला, किंवा नाकामागून घशात उतरला
- वा: वास कमी आला
- डो: डोकं किंवा चेहरा दुखला (उजवीकडे, डावीकडे की दोन्ही, हेही लिहा)
- म: मळमळ, उलटी
- उ: उजेड नकोसा झाला
- गो: गोळी घेतली, किती

वासाची परीक्षा आठवड्यातून एकदा घ्या. डोळे मिटून, एक नाकपुडी बोटाने झाकून, चहाची पत्ती किंवा कुटलेली वेलची हुंगा. मग दुसरी बाजू. बाम, कांदा, पुदिना यांनी ही परीक्षा घेऊ नका. त्यांचा झोंबरेपणा वेगळ्या नसेला कळतो, त्यामुळे वास गेलेल्या माणसालाही 'वास येतोय' असं वाटतं.

महिनाभराने खुणा वाचा.

जुना सायनस म्हणायला चार तक्रारींपैकी किमान दोन, सलग १२ आठवड्यांहून जास्त असाव्या लागतात: नाक चोंदणं, घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणं, वास कमी होणं. त्यातही पहिल्या दोन्हींपैकी एक असलीच पाहिजे. शिवाय डॉक्टरांना दुर्बिणीतून किंवा स्कॅनमध्ये आत सूज दिसली पाहिजे. म्हणजे नाक मोकळं, कोरडं, वास व्यवस्थित, आणि नुसतंच डोकं दुखतंय, तर तो जुना सायनस असण्याची शक्यता फार कमी.

मग काय असतं? बहुतेक वेळा अर्धशिशी. २००४ साली अमेरिकेत 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं सांगणाऱ्या जवळपास ३ हजार लोकांची नीट तपासणी झाली, आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांची दुखणी अर्धशिशीच्या जातीची निघाली. फसायला होतं याचं कारण सोपं आहे. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून-नाकातून पाणी येतं, कपाळ आणि गाल दुखतात, हवा बदलली की त्रास वाढतो. आणि ती दोन्ही बाजूंनाही दुखू शकते, नावातला 'अर्ध' मनावर घेऊ नका.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन महिन्यांत डोकं दुखताना मळमळलं का? उजेड नेहमीपेक्षा जास्त टोचला का? दुखण्यापायी एखादा दिवस कामावर किंवा घरात नेहमीचं काम करता आलं नाही का? तिनांपैकी दोन 'हो' असतील तर अर्धशिशीचा संशय धरून डॉक्टरांना तसं सांगा. तिचं औषध निराळं आहे.

आमच्या गिऱ्हाइकांतल्या एका आक्कांनी हे कॅलेंडर चार महिने भरलं. 'डो' आणि 'म' दर संकष्टीच्या चौकोनात. दिवसभर चहावर राहायचं, चंद्रोदय होईतो जेवायचं नाही, आणि रात्री डोकं बांधून पडायचं. त्यांच्या पिशवीत सायनसच्या नावाखाली घेतलेल्या अँटिबायोटिकची पाच पाकिटं होती. उपास मोडा असं मी म्हणालो नाही, तो माझा अधिकार नाही. दुपारी पोटभर साबुदाणा खा, पाणी प्या आणि डॉक्टरांशी अर्धशिशीबद्दल बोला, एवढंच सांगितलं.

तपासा: 'गो'च्या खुणा मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा मिश्र गोळी १० किंवा त्याहून जास्त दिवस घेतली जात असेल, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर गोळीच डोकेदुखीचं कारण झालेली असू शकते. ही कॅलेंडरची पानं फाडून ठेवा, पुढे डॉक्टरकडे लागतील.

## टप्पा २: एकच बाजू? दात बघा

त्रास कायम एकाच गालात, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव, आणि त्याच बाजूची वरची दाढ कधीतरी दुखून थांबलेली. असं असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. वरच्या दाढांची मुळं गालातल्या पोकळीच्या तळाला अगदी खेटून असतात, आणि मुळाशी साचलेला पू वर पोहोचतो. दाढेचा बंदोबस्त झाल्याशिवाय नाकावर कितीही इलाज करा, तो टिकत नाही.

दाढ 'दुखायची थांबली' म्हणजे बरी झाली असं नव्हे. नस मेली की दुखणंही थांबतं.

## टप्पा ३: नवं सुरू करण्याआधी हे थांबवा

नाक मोकळं करणारे थेंब. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन अशी नावं बाटलीवर बारीक अक्षरात असतात. दोन मिनिटांत नाक उघडतं, म्हणून लोकांचा जीव त्यांच्यावर जडतो. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे वापरले की थेंबाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब. आमच्याकडे एक ट्रकवाले येतात, दोन वर्षं शर्टाच्या खिशात बाटली. त्यांना सायनस कमी आणि थेंबांचं व्यसन जास्त होतं. सुटायचा रस्ता असा: डॉक्टरांना सांगून टप्पा ५ मधला स्प्रे सुरू करायचा, आणि थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायचे. ती बाजू आठवडा-दीड आठवडा बंद वाटेल. ती उघडली की दुसरी बंद करायची. एक बाजू चालू असल्याने रात्री झोप तरी लागते.

मनाने घेतलेलं अँटिबायोटिक. 'ते तीन गोळ्यांचं पाकीट' मागू नका. साधं पडसं विषाणूमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जंतू झाले असंही नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतून येतो. जंतूंचा संशय कधी धरायचा? सर्दीला १० दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा उसळी मारली असेल, किंवा सुरुवातीचे तीन-चार दिवस १०२ डिग्रीच्या आसपास ताप, पुवासारखा स्राव आणि चेहरा ठणकत असेल. तेव्हा डॉक्टर ठरवतील. त्यांनी दिलं तर मधे सोडू नका, आणि उरलेल्या गोळ्या भावजयीला देऊ नका.

'सर्दीची गोळी'. हिच्यात बहुधा पॅरासिटामॉल असतंच. वर आणखी तापाची गोळी घेतली की डोस दुप्पट होतो. नाक उघडणारं औषधही त्यात असतं, आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाब, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असलेल्यांनी विचारूनच घ्यावी.

तपकीर, मशेरी, बिडी-सिगरेट. तपकीर तर थेट त्याच अस्तरावर जाते.

तेल-तूप नाकात ओतणं. रोज मनाने करू नका. आडवं पडून घातलेलं तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरू शकतं, आणि वर्षानुवर्षं असं झालं तर तिथे तेलकट न्यूमोनिया होतो. सुंठीचा लेप कपाळावर तासभर ठेवून कातडी भाजून आलेलेही मी पाहिलेत.

वाफेबद्दल विचारतातच. बरं वाटतं, तेवढ्यापुरतं. जुन्या सायनसवर तो उपचार नाही. घ्यायची तर गरम पाण्याने न्हाणीघरात झालेल्या वाफेत पाच मिनिटं बसा. मांडीवर उकळतं पातेलं आणि डोक्यावर टॉवेल, हा प्रकार बंद. एकदा पातेलं कलंडलं की सायनस विसरायला होतं. पाण्यात बामचा गोळा टाकल्याने थंडगार वाटतं, पण नाक प्रत्यक्षात उघडत नाही, आणि डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

## टप्पा ४: नाक धुणं

सगळ्या इलाजांचा पाया हा, आणि सगळ्यात वाईट पद्धतीने केला जातो तोही हाच. योगवर्गात जलनेती शिकलेले लोकसुद्धा पाण्यात चुकतात.

### तयारी

पाणी. खळखळ उकळी आल्यावर पुढे पूर्ण एक मिनिट उकळू द्या, मग झाकून कोमट होईपर्यंत ठेवा. २ हजार मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं उकळावं लागतं, पण आपलं महाबळेश्वरही त्याच्या खालीच आहे, त्यामुळे सातारा-सांगलीत सगळीकडे एक मिनिट पुरे. नळाचं, विहिरीचं, बोअरचं, आरओचं, जारचं, सगळंच पाणी उकळा. पिण्यालायक पाणी नाकालायक असतंच असं नाही. गोड्या, उबदार पाण्यात एक अमिबा असू शकतो. पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूत पोहोचतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अशा संसर्गाचे रुग्ण सापडले आणि मृत्यूही झाले. धोका दुर्मीळ आहे, पण टाळायला लागतो फक्त एक मिनिटाचा गॅस.

मीठ. १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम. घरातले चमचे कुणाचे कसे, म्हणून खोकल्याच्या औषधावर येणारं मापाचं टोपण घ्या. ५ मि.ली.च्या खुणेपर्यंत बारीक मीठ भरलं की साधारण ६ ग्रॅम होतं. म्हणजे लिटरला अशी दीड मापं. त्यात असंच अर्धं माप खाण्याचा सोडा. त्याने झोंबणं कमी होतं. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर नकोच नको. आयोडीनच्या मिठाने काहींना चुरचुरतं. त्यांनी दुकानात मिळणाऱ्या मापाच्या पुड्या घ्याव्यात. मला विचाराल तर पहिले पंधरा दिवस पुड्याच वापरा, माप चुकण्याची भानगड राहत नाही.

भांडं. दाबायची २००-२५० मि.ली.ची बाटली किंवा नेतीपात्र. बारीक फवाऱ्याची खारट पाण्याची बाटली नाक ओलं करते, धुवत नाही. एका बाजूने किमान १०० मि.ली. पाणी गेलं पाहिजे.

### क्रम

1. हात साबणाने धुवा. नाक हलकं शिंकरून घ्या.
2. पाण्याचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाका. गरमही नाही, गारही नाही, असं लागलं पाहिजे.
3. बेसिनवर किंवा मोरीत पुढे वाका, चेहरा खाली. मान मागे टाकायची नाही. डोकं किंचित एका बाजूला कलवा.
4. तोंड उघडं ठेवा आणि तोंडानेच श्वास घ्या. हळू आवाजात 'आऽऽ' म्हणत राहिलात तर पाणी घशात कमी उतरतं.
5. बाटलीचं टोक वरच्या नाकपुडीला टेकवा आणि सावकाश दाबा. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून यायला हवं. थोडं तोंडात आलं तर थुंका.
6. अर्धी बाटली झाली की बाजू बदला.
7. शेवटी पुढे वाकूनच डोकं डावीकडे, उजवीकडे, खाली असं फिरवा, साचलेलं गळू द्या.
8. दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकं शिंकरा. एक नाकपुडी दाबून जोर लावला तर पाणी कानाकडे जातं.

हे आटोपून लगेच पलंगावर पडू नका, आणि लगेच बाहेरही पडू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. सुरुवातीला मी सकाळी नाक धुऊन थेट दुकान उघडायचो. खालच्या फळीवरची बाटली काढायला वाकलो आणि नाकातून चमचाभर पाणी थेट बिलबुकावर. गिऱ्हाईक हसलं, कार्बन भिजला.

झोंबलं तर: मीठ कमी पडलं असेल किंवा जास्त. साध्या बिनमिठाच्या पाण्यानेही झोंबतं, तेव्हा पाणी वाढवण्याआधी माप तपासा.

कान दुखला, दडे बसले तर: जोर जास्त झाला. त्या दिवशी थांबा. कान वाहत असेल, नाक दोन्हीकडून ठार बंद असेल किंवा नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

बाटली: वापरल्यावर उकळलेल्या पाण्याने धुऊन, उघडी, उलटी सुकवा. ओल्या बाटलीचं झाकण लावून ठेवलं की आत बुरशी धरते आणि दुसऱ्या दिवशी तीच आपण नाकात सोडतो. केलेलं खारं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी ओतून द्या.

त्रास जास्त असेल तर दिवसातून दोनदा, नाहीतर एकदा.

## टप्पा ५: स्टिरॉईडचा नाकातला स्प्रे

'स्टिरॉईड' शब्द ऐकला की लोक बाटली परत ठेवतात. मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारख्या स्प्रेंचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि रक्तात त्यातला फारच थोडा उतरतो. गोळीच्या स्टिरॉईडशी त्याची बरोबरी करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलाच घ्या, आणि मोतीबिंदू किंवा काचबिंदू असेल तर त्यांना सांगा.

आधी नाक धुवा, मग १०-१५ मिनिटांनी स्प्रे. उलटं केलं तर औषध मोरीत जातं. हे वाक्य मी दिवसातून पाच वेळा बोलतो.

1. बाटली हलवा. नवी असेल तर एकसारखा धुरळा येईपर्यंत हवेत दाबा. आठ-पंधरा दिवस वापरली नसेल तरी पुन्हा तसं करा.
2. मान किंचित पुढे झुकवा.
3. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. असं केलं की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारायचं नाही.
4. दाबताना फुलाचा वास घेतो तेवढाच हलका श्वास. जोरात ओढू नका.
5. डॉक्टरांनी सांगितलेले फवारे. मोठ्यांना सहसा दिवसातून एकदा, प्रत्येक बाजूला दोन.
6. टोक पुसून झाकण लावा.

तपासा: घशात कडवट चव आली तर तुम्ही जोरात ओढलं. शेंबडात रक्ताची रेघ दिसली तर टोक पडद्याकडे होतं. दोन-तीन दिवस थांबा, दिशा सुधारा, आणि तरी रक्त आलं तर डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणत सोडून देणं. याचा परिणाम जाणवायला एक-दोन आठवडे लागतात, पुरता दिसायला त्याहून जास्त. रोज, न चुकता, आठ आठवडे. कॅलेंडर भिंतीवर आहेच, तिथे खूण करा. आणि बाटलीवर १२० किंवा १४० असे फवाऱ्यांचे आकडे असतात. तेवढे संपले की आत द्रव हलताना ऐकू आला तरी बाटली टाका, पुढचा डोस धड येत नाही.

## टप्पा ६: घर, शेत, शेड

औषध चालू आणि धूर, धूळ, बुरशीही चालू असेल तर नाकाची सूज उतरणार कशी? आपल्या भागातल्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

ओल. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात कृष्णेचं पाणी आलं, त्यांच्या भिंती सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं पाणी उतरल्यावरही कितीतरी महिने ओल्या होत्या. कोयना, पाटण, महाबळेश्वरकडे तर दर पावसाळ्यात हेच. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मागे बघा. काळे ठिपके दिसले तर कोरड्या झाडूने झाडू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, आणि गळती बंद केल्याशिवाय रंग मारू नका. सायनसवाल्या माणसाने ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

उसाचा हंगाम. पाचट पेटवलं की काजळी दारात येते. जाळण्यापेक्षा कुट्टी करून सरीत टाकणं जमिनीलाही बरं. शेजाऱ्याच्या फडाला लागली असेल तर त्या संध्याकाळी खिडक्या बंद, आणि घरी आल्यावर नाक धुणं.

बेदाणा शेड. गंधकाची धुरी हा वायू असतो. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, अगदी चांगला मास्कसुद्धा नाही. धुरी चालू असताना आत न थांबणं हाच उपाय. आधीच दमा असलेल्यांनी तर त्या बाजूला फिरकूच नये. हळदीच्या आणि धान्याच्या धुळीला मात्र नीट बसणारा मास्क उपयोगी पडतो.

गाजरगवत. फुलावर आलेलं उपटू नका, फुलायच्या आत उपटा. शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक, असं असेल तर अ‍ॅलर्जीचा भाग मोठा आहे. हे डॉक्टरांना सांगा, औषधात फरक पडतो.

घरातली मच्छर अगरबत्ती आणि देवापुढचा धूप, यांवर वाद घालायला मी तयार नाही. निदान झोपायच्या खोलीत नको.

## टप्पा ७: नाक-कान-घसा तज्ञांकडे

टप्पा ४ आणि ५ आठ आठवडे नीट करूनही फरक नसेल, वर्षात चार किंवा जास्त वेळा जोराचा सायनस होत असेल, वास गेलेला असेल किंवा त्रास एकाच बाजूला असेल, तर तज्ञांना दाखवा. मिरजेत, कराडात, साताऱ्यात ते आहेत. शासकीय रुग्णालयांतही नाक-कान-घसा विभाग असतो, आधी तिथे चौकशी करायला काय हरकत?

सोबत न्या: कॅलेंडरची पानं, चालू सगळी औषधं (बीपी-शुगरचीसुद्धा), आणि तुमच्या हाताने नाकात मारता तो स्प्रे. 'कसा मारता, दाखवा' म्हटलं की निम्म्या चुका तिथेच सापडतात.

स्वतःहून स्कॅन काढून जाऊ नका. साध्या एक्स-रेला फारसा अर्थ उरलेला नाही. सीटी स्कॅन कामाचा असतो, पण भर सर्दीत काढला तर कुणाचंही अस्तर सुजलेलं दिसतं. तो औषधांचा कोर्स झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा. दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगा.

रिपोर्टमध्ये 'पडदा वाकडा' किंवा 'अस्तर जाड' लिहिलेलं वाचून घाबरू नका. वाकडा पडदा असलेले कितीतरी लोक आयुष्यभर बिनतक्रार श्वास घेतात. रिपोर्टवर नव्हे, तक्रार आणि दुर्बिणीतलं चित्र जुळतंय का यावर निर्णय होतो. डॉक्टरांना सरळ विचारा: माझी डोकेदुखी याच्यामुळेच आहे का? नाकात मोड (सुजलेल्या अस्तराचे मऊ फुगवटे, पॉलिप) आहेत का? ऑपरेशन केलं तर नाक सुधारेल की डोकंही? अर्धशिशी असलेल्या माणसाचं नाकाचं ऑपरेशन झालं आणि डोकं तसंच राहिलं, असे लोक माझ्या काउंटरवर येतात, आणि त्यांची समजूत काढणं फार अवघड असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनने बुजलेली तोंडं मोकळी होतात. अस्तराची सुजायची खोड त्याने जात नाही. म्हणून ऑपरेशननंतरही, डॉक्टर म्हणतील त्या दिवसापासून, नाक धुणं आणि स्प्रे चालूच राहतात. किंबहुना तेव्हा ते जास्त आतपर्यंत पोहोचतात. ऑपरेशन झालं म्हणून बाटली माळ्यावर टाकलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. वर्षाच्या आत तेच काउंटर, तेच आडवं बोट.

आणि हो, नाक धुण्याची बाटली दर तीन महिन्यांनी बदला.